सुई, चीवर आणि आपली मुले

आपल्या निवासी शाळेत इयत्ता पाचवी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, आठवड्यातून दोन तासिका शिवणकाम शिकवावे, असे मत आम्ही काही शिक्षक गेली दोन वर्षे मांडत आहोत. हे शिवणकाम म्हणजे झबली-परकर बेतणे किंवा शिंप्याच्या दुकानात बसण्याची तयारी नव्हे. उशीचा अभ्रा, बाजारची पिशवी, पाणी गाळण्याचे फडके, पायपुसणे, गोधडी अशा रोजच्या वापरातल्या, धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या वस्तू, ज्याने आजवर सुई हातात धरलेली नाही अशा मुलाला स्वतः करता याव्यात, एवढाच त्याचा आवाका आहे. विषय लहान दिसतो. परंतु पालक-सभेत तो निघाला तेव्हा दहावीच्या निकालावर गेला नसेल इतका वेळ यावर गेला. "सर, पोराच्या हातात पुस्तक द्यायला पाठवलंय त्याला, सुई द्यायला नाही," असे एक वडील उभे राहून म्हणाले आणि सभेतल्या निम्म्या माना त्यांच्या बाजूने हलल्या. या रागाला आम्ही अज्ञान म्हणत नाही. त्याला इतिहास आहे आणि इतिहास शिकवणाऱ्यांनी तरी तो आधी समजून घेतला पाहिजे.

वस्त्र हा आपल्या समाजाच्या बाबतीत केवळ अंग झाकण्याचा प्रश्न कधीच नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे असे सांगितले आहे. गावगाड्यात महारांच्या वाट्याला जे 'हक्क' म्हणून आले त्यांत प्रेतावरचे कापडही होते. ज्याला हक्क म्हणायचे तोच अपमान होता. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये इंदूर संस्थानातील बलाई समाजावर तेथल्या सवर्ण हिंदूंनी लादलेल्या अटी दिल्या आहेत. बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही. त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, झोकदार झगे वा जाकिटे घालायची नाहीत. अट मोडली तर काय भोगावे लागले तेही तिथेच वाचायला मिळते. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याची मोकळीक मिळण्यासाठी १८५९ साल उजाडावे लागले. म्हणजे कोणी काय नेसावे, किती नेसावे आणि कोणाचे उतरलेले नेसावे, हे या देशात जातीने ठरवले आहे.

म्हणूनच महाडला १९२७ सालच्या डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले, त्या परिषदेच्या दिवसांतच बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, तेव्हा ते लुगड्याविषयी बोलले. कोणत्या पद्धतीने नेसल्यावर आपण अस्पृश्य म्हणून ओळखू येतो, ती पद्धत सोडा. अंगावरचे ओळखीचे जड दागिने सोडा. स्वच्छ राहा, असे त्यांचे सांगणे होते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये चळवळीतल्या स्त्रियांच्या ज्या आठवणी जमवल्या, त्या वाचताना जाणवते की, सभेला जाताना धुतलेले पांढरे पातळ नेसणे ही त्या पिढीच्या दृष्टीने कृती होती, हौस नव्हती. बाबासाहेबांच्या सुटाबद्दलही तेच. ज्यांच्या आजोबांना उतरलेले कापड घालावे लागले, त्यांना मुलाच्या अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट पाहण्यात काय वाटते, हे ज्याला कळत नाही त्याने या समाजात शिक्षक होऊ नये.

तेव्हा ठिगळ, चिंधी, जुने कापड, पुन्हा वापर हे शब्द उच्चारले की ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडते, ती योग्य आहे. अलीकडे शहरांतली सुखवस्तू माणसे जुने कापड वापरण्याचे जे कौतुक करतात, त्यात ही आठी कुठे दिसत नाही. ज्याच्या कपाटात चाळीस शर्ट आहेत त्याने एक्केचाळिसावा घेतला नाही, तर तो संयम ठरतो. ज्याच्याकडे दोनच आहेत त्याला तो उपदेश करणे हा उद्धटपणा होतो. आमचा प्रस्ताव त्या कौतुकातून आलेला नाही. तो विनयपिटकातून आला आहे.

भगवान बुद्धांच्या भिक्खूंना ज्या आठ वस्तू जवळ बाळगण्याची मुभा आहे त्या आपल्यापैकी अनेकांना पाठ असतील: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरेचा पट्टा, पाणी गाळण्याचे फडके आणि सुई. ज्या माणसाने घर, शेत, जात, नाव सगळे मागे टाकले, त्याच्याजवळ सुई मात्र राहिली. चुल्लवग्गात तर शिवणकामाचा एक छोटा इतिहासच आहे. सुरुवातीला भिक्खू कापड हाताने फाडत आणि कोंबडीचे पीस किंवा बांबूची काडी वापरून शिवत. चीवर नीट शिवले जात नसे. म्हणून सुईची अनुज्ञा मिळाली. सुया गंजू लागल्या म्हणून सुईदाणी आली. कापड सरळ ताणून धरता येईना म्हणून लाकडी चौकट आली. तिचेच नाव 'कठिन', आणि वर्षावासानंतरच्या ज्या कठीण चीवरदानाला आपण सहकुटुंब जातो त्याचे नाव या चौकटीवरून पडले. बोटांना सुई टोचू लागली म्हणून अंगुस्तान आले. काही भिक्खूंनी ते सोन्याचांदीचे केले, तेव्हा त्याला मनाई झाली आणि हाड, शिंग, बांबू, लाकूड, लाख, तांबे, शंख यांचे चालेल असे ठरले. ज्या शास्त्याने दुःखाचे मूळ शोधले त्याच्यापुढे बोटाला टोचणाऱ्या सुईची तक्रारही गेली आणि तिचीही दखल घेतली गेली.

महावग्गात चीवराच्या आकाराची कथा आहे. मगधातील बांधबंदिस्तीची भातशेते पाहून तथागतांनी आनंदाला विचारले की, अशा आकाराची चीवरे तुला बेतता येतील का. आणि आनंदाने ती बेतून दाखवली. आजही भिक्खूच्या अंगावरील वस्त्रात पट्ट्या आणि बांध दिसतात ते या शेताचे. कठीण चीवराचा नियमही असा की, कापड मिळाले त्याच दिवशी ते कापून, शिवून, रंगवून पूर्ण व्हावे. एका दिवसात हे एकट्याने होत नाही. म्हणजे संघाने एकत्र बसून शिवण्याचा तो दिवस होता. आता आपण दुकानातून तयार चीवरांची गठ्ठी आणतो, त्यांवर फूल ठेवतो आणि फोटो काढतो. आमची त्याला हरकत नाही; पण विहारात त्या दिवशी एकही सुई दिसत नाही, हे आमच्या डोळ्यांना खुपते.

आता पांसुकूलाविषयी. भिक्खू स्मशानातली, उकिरड्यावरची चिंधी उचलून धुऊन, शिवून अंगावर घेत. हे ऐकून काही व्याख्याते सांगतात की, आपल्या पूर्वजांना मृताचे कापड घालावे लागे ती परंपरा मूळची बौद्ध होती आणि त्यात कमीपणा नव्हता. आम्हांला हे मान्य नाही. शाक्यकुळातला अनिरुद्ध आणि न्हाव्याचा मुलगा उपाली एकाच प्रकारचे कापड शिवून घालत होते, कारण दोघांनी ते स्वतः निवडले होते. आपल्या आजोबांनी निवडले नव्हते. निवड आणि सक्ती यांत जे अंतर आहे ते पुसून टाकणारा गौरव आपल्या कामाचा नाही. मात्र याच अंतरात आमच्या प्रस्तावाचे उत्तरही आहे: आज आपल्या मुलांवर कोणाची सक्ती नाही, ती नवे कापड विकत घेऊ शकतात, आणि म्हणून जुने कापड नीट शिवून वापरण्याचा निर्णय आता प्रथमच त्यांचा स्वतःचा असू शकतो.

चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात आनंद आणि कौशांबीचा राजा उदेन यांचा संवाद आहे. तो आम्ही आठवीच्या वर्गात दरवर्षी सांगतो आणि मुले तो विसरत नाहीत. राण्यांनी आनंदाला ५०० वस्त्रे दान केली. राजा चिडला, एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय, दुकान घालणार काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाला, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. आणि ती जीर्ण चीवरे? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. जुन्या अंथरणांचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? धूळ झाडायची फडकी. आणि त्या फडक्यांचे काय? ती कुटून चिखलात मळू आणि जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला व त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

कापडाचा एवढा चोख हिशेब आम्ही दुसऱ्या कोणत्या प्राचीन ग्रंथात वाचलेला नाही. आपल्या वसतिगृहाच्या कोठीत मात्र फाटलेल्या चादरींचा ढीग पडून असतो आणि दर उन्हाळ्यात तो भंगारवाल्याला जातो. त्याच उन्हाळ्यात नवी पायपुसणी, नवी फडकी, नवे अभ्रे यांची पावती कार्यालयात येते. या दोन गोष्टींच्या मध्ये सुई हवी होती, ती नाही.

दुसरा आक्षेप मुलग्यांविषयीचा. मुलींना शिकवा, त्यांच्या उपयोगी पडेल, मुलांना कशाला? असे म्हणणारे उच्चशिक्षित आहेत, १४ एप्रिलला स्त्रीमुक्तीवर भाषण करणारेही आहेत. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, ज्यांच्या शिवणाच्या अडचणी चुल्लवग्गात नोंदल्या आहेत ते कोण होते? ते पुरुष होते. शिवाय भिक्खूंसाठी असा स्पष्ट नियम आहे की, नात्यात नसलेल्या भिक्खुणीकडून आपले वापरलेले चीवर धुऊन, रंगवून घेऊ नये. हा नियम ज्या काळात झाला त्या काळाचा विचार करा. संघात आलेला पुरुष घरातली बाई मागे ठेवून आला होता आणि इथे दुसरी बाई त्याच्या कपड्यांची सोय लावणार, हे नियमाने थांबवले. चिनी भाषेत टिकून राहिलेल्या एकोत्तर आगमात तर दृष्टी गेलेल्या अनिरुद्धाच्या सुईत दोरा ओवायला स्वतः भगवान पुढे झाले अशी कथा आहे. सुईच्या नेढ्यात दोरा ओवणे बायकी काम आहे असे ज्या मुलाला वाटते, त्याला आम्ही ही कथा सांगतो. मग तो निदान हसत तरी नाही.

पण ग्रंथ बाजूला ठेवून वसतिगृहातले वास्तव पाहू. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी जातो तेव्हा त्याच्या पेटीत काय असते, हे मातांना विचारावे. गुंड्या तुटलेले तीन शर्ट, बंद उसवलेले दप्तर, शिवण गेलेली पँट. आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन काढून किंवा चार घरची धुणीभांडी करून येते आणि रात्री दिव्याखाली ते सगळे टाकून बसते. आठवीतल्या मुलाला बीजगणित येते. गुंडी लावता येत नाही. मुलीची पेटी मात्र नीट असते, कारण तिने वसतिगृहातच कोणाकडून तरी ते शिकून घेतलेले असते. आईचे चार तास वाचवणारे शिक्षण हे शिक्षण नव्हे, असे मानणाऱ्यांशी आमचे पटणार नाही.

याहून वजनदार आक्षेप चळवळीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने घेतला. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची योजना मांडली. टकळी आणि तकली यांतून शाळा चालवायची होती. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात गांधीवादी अर्थविचाराचा समाचार घेतला आणि यंत्राची बाजू मांडली. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. "मग तुम्ही आमच्या शाळेत टकळीच्या जागी सुई आणताय का?" असा सहकाऱ्याचा प्रश्न होता. त्यात भर म्हणजे शासनाच्या योजना. समाजकल्याणाच्या यादीत आपल्या स्त्रियांसाठी काही निघाले की शिलाई यंत्र निघते. जणू या समाजातल्या बाईने पदवी घेतली तरी शेवटी खोलीच्या कोपऱ्यात पायमशीन चालवावी, असे कोणीतरी आधीच ठरवून ठेवले आहे.

या शंकेचा आम्ही आदर करतो आणि म्हणून आमच्या प्रस्तावातून 'उपजीविका' हा शब्द काढून टाकला आहे. या दोन तासिकांतून कोणी शिंपी व्हावा ही अपेक्षा नाही, त्यातून शाळेचा खर्च निघावा ही तर नाहीच. मुलांनी शिवलेली एकही वस्तू विकली जाणार नाही, ती मुलांची किंवा वसतिगृहाची राहील. यंत्राला विरोध नाही. आठवीत पायमशीन शिकवूच. गणिताची, विज्ञानाची, इंग्रजीची एकही तासिका यासाठी कापायची नाही. शनिवारी दुपारचा जो वेळ आज मैदानावर नुसता रेंगाळतो तो घ्यायचा. नववी-दहावीला हात लावायचा नाही. फुरसत मिळवून देणारे यंत्र बाबासाहेबांना हवे होते. परंतु फुरसतीतले आयुष्य दुसऱ्या कोणाच्या श्रमांवर उभे असावे, असे त्यांनी कुठे म्हटलेले नाही.

आता प्रत्यक्ष काय शिकवायचे ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. पहिली वस्तू पाणी गाळण्याचे फडके. चौकोनी तुकडा, चारी बाजूंना दुमड, बस. पण त्यात सगळे आहे. कापड आधी धुऊन वाळवायचे, नाहीतर शिवल्यावर ते आटते आणि कडा चुण्या धरतात. मग एक धागा ओढून काढायचा आणि त्या रेषेवर कात्री चालवायची, म्हणजे चौकोन खरोखर चौकोन होतो. पट्टीने रेघ मारून कापलेला बहुधा तिरका निघतो. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. पाव इंच एक दुमड, त्यावर अर्धा इंच दुसरी, आणि धावदोरा. मुलाचा पहिला धावदोरा मुंग्यांच्या रांगेसारखा कुठेही जातो. तिसऱ्या फडक्यापर्यंत तो सरळ होतो. आणि हे करताना चुल्लवग्गातली दुसरी एक कथा सांगता येते. दोन भिक्खू कोसल देशातून प्रवास करत होते. एकाजवळ गाळण्याचे फडके नव्हते, त्याने दुसऱ्याकडे मागितले, दुसऱ्याने ते दिले नाही आणि पहिला तहानेने मेला. फडके न घेता प्रवासाला निघू नये आणि मागितल्यास ते नाकारू नये, असा नियम त्यानंतर झाला. चवदार तळ्याची पिढी ज्यांच्या घरात होऊन गेली, त्यांच्या मुलांना या कथेचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

दुसरी गुंडी. ही वस्तू नव्हे, पण मुलग्यांना जिंकायचे तर इथेच. गुंडीखाली आगकाडी ठेवून टाके घालायचे, मग काडी काढून घ्यायची आणि गुंडीखालच्या ढिल्या दोऱ्याला चार वेढे द्यायचे. अशी गुंडी वर्षभर हलत नाही.

तिसरी पिशवी, आणि तिला कापड विकत घेण्याची गरज नाही. गणवेशाची जुनी पँट गुडघ्यावर फाटते. मांडीचा भाग चांगला असतो. पायाची नळी आधीच शिवलेली असते. ती कापून उलटी करायची, एका टोकाला दोहरी शिवण घालायची, दुसऱ्या टोकाला दुमड द्यायची आणि बंद लावायचे. बंद जिथे जोडला तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी, म्हणजे दोन किलो कांदे आले तरी उसवत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आठवडी बाजारात जाऊन पाहावे, ती कोणी पाळली. कायदा कागदावर राहण्याचे एक साधे कारण असे की, खिशात घडी करून ठेवता येईल अशी पिशवी माणसाजवळ नसते.

अभ्र्यात गणित आहे. उशी १७ इंच रुंद आणि २७ इंच लांब धरली तर कापडाची पट्टी १८ इंच रुंद हवी, दोन्ही शिवणींना अर्धा अर्धा इंच. लांबी? दोन बाजूंचे २७ आणि २७, उशी आत अडकून राहावी म्हणून ६ इंचांचा पदर, आणि दोन टोकांच्या दुमडींचे २. म्हणजे ६२ इंच. सहावीतल्या मुलाला हा आकडा आम्ही सांगत नाही, त्याने तो काढायचा असतो. याच रीतीने साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच रुंद सुती साडीतून बारा इंची किती फडकी निघतील हे विचारावे. शिवणीसह तेरा इंच धरले तर रुंदीत तीन आणि लांबीत सोळा, एकूण ४८. अर्थात साडीचा मधला भाग विरलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी निघतात. आणि कमी का निघाली हे सांगणे हाही धडाच.

गोधडीबद्दल आम्हांला जास्त बोलावेसे वाटते. कोणी वाकळ म्हणते, कोणी लेपडे, बाळासाठी दुपटे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून, काठांच्या पट्ट्या कडेने लावून, उन्हात अंगणात बसून आज्या जे टाके घालत त्याला कोणी शिक्षण म्हटले नाही. कोणते कापड आत घालायचे, कोणते वर, विरलेला भाग कुठे दडवायचा, टाक्यांच्या रांगांत किती अंतर ठेवले म्हणजे धुताना थर सरकत नाहीत, हे सगळे त्यांना अवगत होते आणि त्यांतल्या अनेकींना सही येत नव्हती. आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत तीच गोधडी काचेआड टांगलेली असते आणि तिची किंमत आजीच्या महिनाभराच्या मजुरीहून अधिक असते. आपल्या आवाराशेजारच्या वस्तीत गोधडी शिवणाऱ्या बाया अजून आहेत. त्यांना मानधन देऊन, पाहुण्या शिक्षिका म्हणून, खुर्चीवर बसवून वर्गात बोलवावे असे आम्ही सुचवले आहे. यावर मात्र सभेत कोणीच हरकत घेतली नाही.

एक विषय संकोचाचा आहे, पण निवासी शाळेत तो टाळता येत नाही. मोठ्या मुलींना मासिक पाळीसाठी धुऊन वापरता येणाऱ्या सुती घड्या शिवायला शिकवाव्यात असे आमच्या सहकारी शिक्षिकांचे म्हणणे आहे. त्यांनीच दोन अटी घातल्या आहेत आणि त्या आम्हांला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ज्या मुलीला बाजारातले पॅड हवे तिला ते वसतिगृहाने विनातक्रार द्यावे. दुसरी, मुलींच्या वसतिगृहामागे ऊन येईल अशा जागी वाळवणाची दोरी आधी बांधावी. लाजेने ओढणीखाली, पलंगाखाली वाळत टाकलेले कापड नीट वाळत नाही आणि त्यातून आजार होतात. दोरी नसेल तर घडी शिकवूच नये. दहा मीटर दोरीचा हा प्रश्न आहे आणि दोन वर्षे तो कार्यालयाच्या फाइलीत आहे.

काटकसरीचा अतिरेक होतो तसा कलाकुसरीचाही होतो, हेही लक्षात ठेवायला हवे. कपिलवस्तूत एका हस्तिदंती काम करणाऱ्याने भिक्खूंना सुईदाण्या देऊ केल्या. मग ज्याच्याकडे लहान होती त्याने मोठी मागितली, मोठी होती त्याने लहान मागितली. शेवटी त्या कारागिराला धंदा करता येईना आणि त्याच्या घरी उपासमारीची वेळ आली. तेव्हा हाडाच्या, हस्तिदंताच्या, शिंगाच्या सुईदाण्या मोडून टाकाव्यात असा नियम झाला. आपल्याकडे हे टाळायचे असेल तर रंगीत लेस, चमकीचे दोरे, स्पर्धेची ढाल, प्रदर्शनाचा मंडप यांपासून पहिली काही वर्षे दूर राहावे. अभ्रा उशीवर दिसावा, भिंतीवर नको.

पैशाचा प्रश्न फारसा उरत नाही. सुया, रीळ, दहा कात्र्या आणि मोजपट्ट्या एवढे शाळेच्या कार्यानुभवाच्या तरतुदीतून घेता येईल. कोठीत दोन पायमशीन धूळ खात आहेत. एकीचा पट्टा तुटला आहे, दुसरीची शटल बसवून घ्यायला हवी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या कामातले जाणकार आहेत त्यांनी एक दिवस काढून त्या पाहाव्यात. आणि मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने घरातली एक सुती साडी किंवा चादर आणावी: धुतलेली, इस्त्री नसली तरी चालेल, टेरिकॉट नको, कारण ते पाणी शोषत नाही आणि त्यात हातसुई नीट चालत नाही. साड्या कार्यालयाशेजारच्या खोलीत जमा होतील. जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा पाचवीच्या वर्गापासून सुरुवात करू; मुले आणि मुली एकाच सतरंजीवर बसतील.